घर सोडून बोटीवर

मुलाकडच्यांचा निरोप आला, "रविवारी संध्याकाळी जेवायला या, बोटीवर." तेव्हाच मी म्हटलं, इथं पाणी मुरतंय. अहो, मुलीच्या आईबापाला जेवायला बोलावतात ते घरी. घर बघायला. चूल, मोरी, विहीर, सगळं डोळ्यांखालून गेलं पाहिजे. आणि हे म्हणे, सूर्य बुडताना समुद्रातून किनारा बघत बघत जेवू. किनारा बघून मला काय करायचंय? माझी मुलगी किनाऱ्यावर संसार मांडणार आहे का?

नोटबंदी झाली त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. आम्ही तलासरीकडचे, झरीचे. भात आणि नाचणी लावणारी माणसं. मुलगी डहाणूला एका दवाखान्यात नर्स होती, तिथंच खोली घेऊन राहायची. मुलगा डहाणूजवळच्या आगर गावचा, कामाला उंबरगावच्या कारखान्यात. त्याच्या मामाची मासेमारीची बोट होती. सुट्टीच्या दिवशी मामा मुंबईच्या पाहुण्यांना तिच्यात बसवून फिरवायचा आणि जेवूखाऊ घालायचा. स्थळ आणलं होतं दवाखान्यातल्याच एका मावशीनं. ती मावशी कधी कुणाची स्थळं जुळवत नाही, मग आमचंच कसं आणलं, हाही प्रश्न माझ्या डोक्यात होताच.

मला लोक शंकेखोर म्हणतात. म्हणोत. माझ्या थोरल्या बहिणीला लग्नाआधी जे घर दाखवलं ना, ते शेजाऱ्याचं निघालं. ती बिचारी जन्मभर कुडाच्या भिंतीआडून त्या पक्क्या घराकडे बघत राहिली. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकसुद्धा फुंकून पितो, आणि इथं तर पोळलेलं तोंड माझ्या बहिणीचं होतं.

म्हणून मुलीसाठी मी आधी दोन घरं बघितली आणि दोन्हीकडे ताटावरून उठले. पहिल्या घरात भिंतीचा रंग हाताला लागला. आमच्यासाठी काल रंग मारलात, तर परवापर्यंत भिंतीवर काय होतं? दुसऱ्या घरात ताटाच्या काठावर कोरलेलं नाव वाचलं, तर ते भलत्याच माणसाचं. ताटं मागून आणलेली! हातातला घास खाली ठेवला आणि उठले. पाहुणी भरल्या ताटावरून उठली की बोलणी संपली, हे आमच्याकडे कुणाला फोडून सांगावं लागत नाही. मुलगी दोन्ही वेळा काही बोलली नाही. सुटली म्हणून गप्प असेल, असं मी धरून चालले.

तर रविवारी आम्ही दोघं जीपनं डहाणूला उतरलो आणि खाडीच्या धक्क्यावर गेलो. मुलगी आधीच येऊन उभी होती. मुलगा, त्याची आई आणि मामा बोटीत. मला दोघांनी धरून चढवलं, तरी माझा जीव मुठीत. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीचं, फार तर धरणाचं. ते आपल्या जागी राहतं. हे पाणी पायाखालून सरकत होतं. मुलगी मात्र टुणकन उडी मारून चढली. मी तिच्याकडे बघितलं, तर ती पदर सारखा करत बसली.

बोट सुटली तसा मामा सुरू झाला. "तो बघा किल्ला. पोर्तुगीजांचा. त्यांची जहाजं इथपर्यंत यायची, लाकूड घेऊन जायची."

"किल्ला जुना आहे, दिसतंय," मी म्हटलं. "तुमचं घर किती जुनं?"

मामा हसला आणि इंजिनाकडे वळला. इंजिनाला काही झालं नव्हतं. मी बघत होते.

बोट किनाऱ्याकिनाऱ्यानं आगरच्या बाजूला निघाली. मागं थर्मल वीजकेंद्राची चिमणी, पुढं सुरूची झाडं. मुलाची आई बारकी, हसरी बाई, अर्धं मराठी, अर्धं गुजराती बोलणारी. ती मला म्हणाली, "बेन, ती झाडं आहेत ना, त्यांच्या मागं आपलं आगर."

"त्यात तुमचं घर कोणतं?"

"इथून नाही दिसत."

बघा! नाही दिसत. मी आमच्या मुलीच्या बापाला कोपरानं ढोसलं. तो बघत होता सूर्याकडे. सूर्य बुडत होता, छान बुडत होता, खोटं कशाला बोलू. पण मी काही सूर्याचं स्थळ बघायला आले नव्हते.

मुलाचा उजवा हात सारखा खिशात. आईला पाणी दिलं तेही डाव्या हातानं. झालं, माझं डोकं फिरलं. कारखान्यातली माणसं मी बघितली आहेत, यंत्रात बोटं गेलेली. मी सरळ म्हटलं, "बाळा, तो हात जरा बाहेर काढ." बिचारा लाजला. हात काढला, तर अंगठ्याला चिकटपट्टी. कांदा कापताना सुरी लागली म्हणे. सगळं जेवण त्यानंच रांधलं होतं. आता, लग्नाचा मुलगा आपणहून रांधतो? मी मनात म्हटलं, ह्यातही काहीतरी आहे. मग कोपऱ्यातल्या निळ्या पेटीचं झाकण हळूच उचललं. दमण जवळ, आत दारूच्या बाटल्या असणार हे मी ओळखूनच होते. आत बर्फ आणि चिकूचं मिल्कशेक. झाकण ठेवताना मामानं मला बघितलं आणि "थंड देऊ का थोडं?" म्हणून विचारलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मी "द्या" म्हटलं.

मग पानं मांडली. पानं कसली, कागदाच्या पत्रावळी! मला लगेच कळलं. नाव वाचायला नको म्हणून. तांदळाच्या भाकऱ्या, पापलेटचं कालवण, तळलेले बोंबील. कालवण असं झालं होतं की आमच्या मुलीचा बाप मान वर करायला तयार नाही. मलाही आवडलं, आणि आवडलं म्हणून जास्तच संशय आला. कुणी एवढं गोड वागतं ते उगाच?

शेवटी मी विचारलंच. "एक सांगा. माणसं पाहुण्यांना घरी बोलावतात. तुम्ही समुद्रात आणलंत. घरात असं काय आहे, जे आम्ही बघायचं नाही?"

मामानं मुलाच्या आईकडे बघितलं. तिनं मुलाकडे. मुलानं खाली. मला आणखी काय पाहिजे होतं? मी अर्धी भाकरी तशीच टाकली आणि ताटावरून उठले.

उठले, आणि बोट हलली. कालवणाचा हात तसाच, दुसऱ्या हातानं दोरी पकडली. एक पाऊल टाकलं तर पुढं जाळ्यांचा ढीग, त्याच्यापुढं समुद्र. दार नाही, अंगण नाही, पायात घालायला चप्पल कुठं आहे पत्ता नाही. मी आपली उभी.

"कुठं निघालीस?" आमच्या मुलीचा बाप बोंबलाचा काटा काढत म्हणाला. "झरीला?"

मुलाची आई उठून माझ्याजवळ आली. हसत नव्हती आता. "बेन, आमचं घर मी सकाळीच धुऊन पुसून ठेवलंय. उद्या या, आता चला, कुलूपसुद्धा नाही लावलेलं. पण तुमची पोरगीच बोलली. घरी नका बोलवू, बोटीवर बोलवा."

मी मुलीकडे बघितलं. "का गं?"

ती भाकरीचे बारीक बारीक तुकडे करत होती. "बोटीवरून तुला उठून जाता येत नाही म्हणून."

असा राग आला! चारचौघांत, परक्या माणसांसमोर, पोटची पोर आईला कोंडून घालते? तोंडात शिव्या आल्या होत्या. पण तिनं वर बघितलं तेव्हा तिचे डोळे भरलेले होते, आणि ती घाबरलेली होती. समुद्राला नाही. मला. ते बघितलं आणि मी आपणहून खाली बसले, बोट हलली म्हणून नाही.

मग जे आधीच्या दोन्ही घरांत विचारायचं मला सुचलंच नव्हतं, ते विचारलं. "तुला आवडतो का हा?"

"आवडतो."

"बघितलास किती वेळ? तासभर?"

तिनं मुलाकडे बघितलं. मुलगा पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघून बोलला. "दोन वर्षं झाली, मावशी. तुम्हाला सांगायची तिची हिंमत होत नव्हती."

दोन वर्षं! भिंतीचे रंग तपासणारी मी, ताटावरची नावं वाचणारी मी. दर शनिवारी पोरगी घरी येत होती, माझ्या शेजारी झोपत होती, आणि मला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं. आमच्या मुलीच्या बापाकडे बघितलं, तर तो मान खाली घालून जेवत होता. त्याला ठाऊक होतं.

इंजिन बंद होतं. माझ्या पत्रावळीत अर्धी भाकरी पडलेली, आणि पोरगी माझ्या हाताकडे बघत होती, तो ताटाकडे जातो की नाही ते.

"भात केलाय का रे?" मी मुलाला विचारलं. "केला असशील तर वाढ."