लागलं का?

नव्वदच्या दशकात मोहन्यातल्या एका एसटीडी बूथवर ती मला रोज सकाळी दिसायची. चापूनचोपून लुगडं नेसलेली आगरी बाई. आधी रिसीव्हर पदराने पुसायची आणि मग एक हात कमरेवर ठेवून, भांडायला उभी राहिल्यासारखी, एवढंच विचारायची, "सिस्टर, लागलं का?" उत्तर ऐकून गुपचूप फोन ठेवायची.

बाई मटका लावते आणि 'सिस्टर' ही त्यातली खूण आहे, याबद्दल आम्हा रांगेतल्यांना शंका नव्हती. एकदा बूथवाल्याने विचारलंच, "मावशे, कंचा आकडा लावलास गो?"

"इरजन लावलंय, मुडद्या!" ती म्हणाली. "माज्या भावाचं रगत नासलं. माज्या कमरंच्या हाडातला मगज काढून त्याला दिलाय. तो त्याच्यात वाढाया पायजे."

म्हणजे कमरेवरचा हात सुई टोचलेल्या जागेवर होता. मगजातल्या मूळ पेशी एकीच्या दोन, दोनाच्या चार होत नवं रक्त तयार करतात, असं ठाण्यातल्या एका व्याख्यानात मी ऐकलं होतं. त्यातले हारतुरेच जास्त लक्षात राहिले होते.

दुसऱ्या दिवसापासून रांग तिला पुढे सोडू लागली. ती बोलताना कोणी खोकतही नसे.

आणि एका सकाळी ती फोन ठेवून मटकन स्टुलावर बसली. "लागलं," म्हणाली.

"घट्ट?" बूथवाल्याने विचारलं.

"अजून पातल हाय रे. पन लागलं!"

'आनंदावर विरजण पडलं' असं मी तोवर कितीदा तरी लिहिलं असेल. त्यानंतर मात्र कधी लिहवलं नाही.