बोल्टावरचा नंबर

दुष्काळाचं साल. कोपरगावकडं पाटाच्या पाण्यावर जो ऊस तगला होता, त्यात रानडुकरं घुसत. एका बड्या बागायतदारानं आपली शिकारी रायफल मळ्याच्या राखणदाराच्या हातात दिली आणि सांगितलं, डुकरं हाकल. परवान्यावर राखणदाराचं नाव नव्हतं. भर दुपारी बांधावर पोलिसांनी त्याला रायफलीसकट धरलं. मालकानं लगेच लेखी कळवलं: माझी रायफल तीनशे पंधरा बोअरची, ती घरच्या कपाटात आहे, ही कुणाची, मला ठाऊक नाही.

पंचनाम्यात होतं: थ्री नॉट थ्री, लष्करी. परवान्यावरही न मिळणारं असलं हत्यार सापडलं की गरिबाला तुरुंग ठरलेला.

मी बावीस वर्षांचा होतो, शेतमजुरांच्या संघटनेत, पत्रकं लिहिण्यात तरबेज. पंचनाम्यातला मजकूर कानावर आला त्याच दिवशी पत्रक छापलं: ‘बागायतदाराच्या मळ्यात लष्करी रायफल!’ वाटलं, मालकाला उभा चिरला. चिरला गेला राखणदार. जामिनाच्या वेळी सरकारी वकिलानं माझंच पत्रक वाचून दाखवलं. म्हणाला, हत्यार लष्करी आहे हे आरोपीची माणसंही मान्य करतात. जामीन फेटाळला. राखणदाराची बायको कोर्टाच्या पायरीवर बसली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून मान फिरवली.

नगरला लष्करातून निवृत्त झालेला एक हत्यारांचा मिस्त्री राहायचा. मी त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्यानं पत्रक वाचलं, चष्मा काढला.

“कुनी लिवलं हे?”

“मी.”

“रायफल हातात घेतल्ती?”

“नाही.”

“लांबनं तरी बघितली?”

“नाही.”

“मंग लई शूर हायेस बाबा. न बघताच गोळी झाडलीस, अन् लागली आपल्याच मानसाला.”

मी पत्रक घडी घालून खिशात टाकलं आणि म्हणालो, “आता कोर्टात येऊन तुम्हीच रायफल बघा.”

आमच्या वकिलानं रायफल तपासण्यासाठी अर्ज दिला, तेव्हा कोर्टात मिस्त्रीला रायफल बघायला मिळाली. त्यानं आधी बोल्ट ओढून काढला. गोळी नळीत सारणारा हा दांडा. त्याच्या मुठीवर नंबर ठोकलेला असतो; ह्याच्यावर लष्करी शिक्काही होता. पंचांनी तेवढंच वाचलं होतं, कारण ते चटकन दिसतं. मिस्त्री म्हणाला, “बोल्ट थ्री नॉट थ्रीचाच हाय साहेब. पन दुसऱ्या रायफलीचा हाय. मूळचा मोडला आसंल, कुनीतरी हा बसवला. थ्री नॉट थ्रीला अन् तीनशे पंधराला ह्योच बोल्ट चालतो.”

मग त्यानं रॉकेलच्या बोळ्यानं नळीच्या बुडाचा काळा रंग पुसला. गंज धरू नये म्हणून मालकाच्याच घरी फासलेला. खाली आकडा निघाला: तीनशे पंधरा. त्याच्या बाजूला रायफलीचा अंगचा नंबर. वकिलानं परवाना पुढं केला. नंबर तोच.

लष्करी नव्हतीच ती. साधी, परवान्याची, मालकाची. आता मालकाला ‘चोरीला गेली’ म्हणायचीही सोय उरली नव्हती; कपाटात आहे असं त्यानं सहीनिशी दिलं होतं. हा माणूस डुकरांपायी दिलेल्या हत्याराचा दोष राखणदाराच्या गळ्यात बांधून घरी जेवत होता, आणि गाठ आवळायला मी मदत केली होती.

राखणदार त्या दिवशी जामिनावर सुटला. बाहेर आल्यावर मी म्हणालो, “दादा, मी चुकलो असं दुसरं पत्रक काढतो.”

“नगं,” तो म्हणाला. “गावात या. तोंडानं सांगा.”

गेलो. पारावर दहा-बारा माणसं होती. सभेत बोलायची मला सवय. तिथं हातात पत्रक नव्हतं. तरी सगळं सांगितलं: रायफल कुणाची, खोटं कोण बोललं, न बघता कुणी छापलं.

एका म्हाताऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग राखणदाराकडं बोट करून विचारलं, “बरं झालं सांगितलंस. पन मालक उघडा पडल्यावर ह्याला राखनीला कोन ठेवनार?”

राखणदारानं टोपी झटकली, डोक्यावर घातली आणि पाराच्या कडेला उभ्या बायकोला म्हणाला, “चल.”