फक्त पार्सल

पनवेलजवळच्या कोन गावाशी हायवेला आमची खानावळ. चार बाकडी, एक शेगडी आणि आम्ही दोघी विधवा, सासूबाई आणि मी. न्हावा शेवा बंदराचे ट्रकवाले हेच आमचं गिऱ्हाईक.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत हुकूम आला, बसून जेवायचं नाही, फक्त पार्सल. ट्रक मात्र चालू! माल वेळेवर पोचला पाहिजे, माल नेणारा कुठे का बसून गिळेना. मी शिव्या घालत घालत बाकडी उलटी केली, दाराला दोरी बांधली आणि दोरीवरून पिशव्या द्यायला लागले. पहिल्या लाटेत सगळंच बंद ठेवलं होतं, तेव्हा कानातलं मोडून तांदूळ आणले होते. पुन्हा ती पाळी नको होती. पण सासूबाईंना शुगर, वय सत्तरीपुढे. त्यांना काही झालं तर, या धास्तीने मला घास गोड लागत नसे.

"आई, मागच्या खोलीतून बाहेर यायचं नाही," मी बजावलं.

"बरं," म्हणाल्या. ऐकतील तर त्या कसल्या!

एक परप्रांती ड्रायव्हर बंदराच्या रांगेत अडकला होता. पार्सल घेऊन ट्रकच्या चाकाशी उन्हात जेवायचा. सासूबाईंनी मागच्या दारातून ते पाहिलं आणि त्याला आत घेऊन ताट वाढलं. वर मास्क हनुवटीखाली ओढून समोर बसल्या. मी कडाडलेच.

"तोंड झाकून कुनाला जेव म्हनतात का?" त्या म्हणाल्या. "मी पिकलं पान. ह्यो कुनाचा तरी पोर हाय."

तो जाईतोवर रोज हेच. माझं कोण ऐकतंय!

मग सासूबाईंना ताप आला, धाप लागली. इस्पितळातल्या खाटेसाठी अख्खं पनवेल पालथं घातलं. खाट मिळाली, पण तिच्यावरून त्या परत आल्या नाहीत. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या लांबून दाखवल्या. तोंडसुद्धा दिसलं नाही.

"तरी सांगत होतो, बंद ठेवा," शेजारी म्हणाले.

"बंद ठेवून काय खायचं होतं? तुमचं डोकं?" मी म्हटलं. पण बंद ठेवलं असतं तर त्या वाचल्या असत्या का, हा प्रश्न भाकऱ्या थापताना मला जाळायचा. उत्तर सापडेना, म्हणून सगळा राग त्या ड्रायव्हरवर धरला.

पावसाळा सरता सरता तो आला. आता बाकडी सुलटी झाली होती. मी त्याच्यापुढे ताट आदळलं. दोन घास खाऊन त्याने विचारलं, "अम्मा किधर है?"

"मेली. तुला जेवू घालता घालता मेली."

त्याचा हात ताटातच राहिला. मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, "मी बोललो होतो अम्माला. मला ताप आहे, लांब बस. अम्मा बोलली, मग तर गरम जेव."

म्हणजे म्हातारीला माहीत होतं. मला बोलली नाही. बोलली असती तर मी त्याला हाकललं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तो उठायला लागला.

"भरल्या ताटावरून उठू नको," मी ओरडले. भाकरी वाढली आणि सासूबाईंच्या जागी, त्याच्यासमोर बसले. रडू आवरत नव्हतं. माझा मास्क मात्र खाली ओढला नाही.