अमेरिकेची शाल

फोन आला तेव्हा मी आरशासमोर अर्धी मिशी लावून बसलो होतो. वडशाला आमच्या नाटक कंपनीची दुपारची तालीम होती आणि डिंक वाळायच्या आत दुसरी बाजू चिकटवायची घाई होती. पलीकडून आवाज आला, "अमेरिका, कुठी आहेस?" मला या जगात अमेरिका म्हणून हाक मारणारा एकच माणूस उरला आहे. एटापल्लीकडच्या एका जंगलगावचे जुने सरपंच, दसरूभाऊ. मी म्हटलं, "बोला भाऊ." ते हळूच म्हणाले, "आपले सर गेले रे..." मी समोर पाहिलं, तर आरशात अर्ध्या मिशीचा एक पन्नाशीचा माणूस रडत होता. आणि खरं सांगतो, त्याही क्षणी सरांचा आवाज ऐकू आला, "दुसरी बाजू पण लाव बे, मंग रड."

खोब्रागडे सर आम्हाला इतिहास शिकवायचे. मूळचे बल्लारपूरचे, वडील कागद गिरणीत कामगार. घराण्यात शिकून मास्तर झालेला पहिला माणूस, म्हणून बदली होऊन जंगलातल्या आमच्या शाळेत आले ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, आणि निवृत्त झाले तेव्हाही इस्त्री तशीच. पुस्तकात जे अर्ध्या पानात उरकलेलं असे, तेच त्यांना नेमकं आवडायचं. अमेरिकेनं स्पेनशी केलेलं १८९८चं युद्ध हे असंच अर्धं पान होतं. सरांनी त्यावर पंधरवडा काढला. ग्वाम नावाचं बेट त्यांनी आम्हाला असं शिकवलं: बेटावर राज्य स्पेनचं, पण युद्ध सुरू झालंय ही बातमीच तिथं पोचलेली नाही. एक दिवस अमेरिकेचं जहाज येतं आणि किल्ल्यावर तोफा डागतं. बेटावरच्या साहेबांना वाटतं, पाहुणे सलामी देऊन राह्यले! ते होडीत बसून जहाजावर जातात आणि हात जोडून म्हणतात, माफ करा, आमच्याकडे तोफेची दारू संपली आहे, नाहीतर आम्हीही उलट सलामी दिली असती. तेव्हा त्यांना कळतं की आपण कैदी झालो. हे सांगताना सर टेबलावर चढून तोफ व्हायचे, उतरून होडी वल्हवायचे, आणि शेवटी टोपी काढून इतक्या अदबीनं माफी मागायचे की अख्खा वर्ग लोळायचा. मग ते एकदम थांबायचे. म्हणायचे, "हसून घ्या. पण पाहुणा आला की पहिले त्याचे हात पाहाचे."

मी पुढे शाळा सोडून नाटकात गेलो. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्यात, दिवाळी सरली की गावोगाव नाटकं सुरू होतात, त्यात मी विनोदी नट. एका वर्षी सर वडशाला आले आणि आमच्या कंपनीच्या मालकांसमोर एक नाटक ठेवलं. विषय फिलिपिन्स. आम्ही मालकांना बापू म्हणायचो. बापूंनी विचारलं, "हे कुठी आलं?" सर म्हणाले, "समुद्रात." बापू म्हणाले, "मास्तर, आपल्या पब्लिकनं समुद्र पाह्यला नाई. काऊन बसल ते तीन अंक?" सर म्हणाले, "समुद्राचं नाटक नाई हे. पाहुण्याचं आहे." गोष्ट साधी होती. स्पेनच्या राज्याविरुद्ध फिलिपिन्सचे लोक स्वतःच लढत होते, जिंकत आले होते. तेवढ्यात अमेरिकेचा ॲडमिरल जहाजं घेऊन आला, त्यानं, तुम्हाला सोडवायला आलोय, असं लोकांना वाटू दिलं. मग पॅरिसला स्पेन आणि अमेरिका टेबलावर बसले, बेटांचा निकाल लावला, आणि ज्यांची बेटं त्यांच्या माणसाला आत बसूसुद्धा दिलं नाही. तिसऱ्या अंकात त्याच पाहुण्याच्या बंदुका यजमानांकडे वळतात. बापूंनी ऐकून घेतलं आणि दोन अटी घातल्या. एक, लावणी पाहिजे. दोन, पहिल्या प्रयोगाला लोक उठून गेले तर दुसरा प्रयोग नाही, आणि मास्तरांनी पुन्हा नाटक घेऊन दारात यायचं नाही. सरांनी रात्रभर विचार केला असावा, कारण सकाळी म्हणाले, "पॅरिस आहे. नाचगाणं होतच असल तिथी." अशा रीतीने त्या ऐतिहासिक तहाच्या टेबलासमोर आमच्या झाडीपट्टीची लावणी झाली.

ॲडमिरल मी. कंपनीच्या पेटीत फौजदाराचा एक खाकी ड्रेस होता, पण सरांना तो पटेना. शेवटी लग्नाच्या बँडमास्तरचा लाल कोट उसना आणला, पितळी बटनांचा, खांद्यावर झालरी. मी तो घालून उभा राहिलो तर सर म्हणाले, "व्वा! असा दिसला म्हणूनच फसले बिचारे." पहिला प्रयोग दसरूभाऊंच्या गावात ठरला. त्या भागात तेव्हा नक्षलवादी आणि पोलीस दोघांच्या धाकानं अंधार पडल्यावर कोणी जमत नसे, म्हणून भर दुपारी. लोकांनी सकाळीच चटया टाकून जागा धरल्या होत्या. सर विंगेत स्टुलावर, प्रॉम्प्टर म्हणून. इस्त्रीचा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. शाळेतले सहकारी हसले होते त्यांना, कुठी अमेरिका आणि कुठी आपलं खेडं म्हणून. सरांनी मला एवढंच सांगितलं, "लोकं समजले नाई तर मी बत्तीस वर्षं कोणाले शिकवलं, हे मलेच समजणार नाई."

पहिला अंक रंगला. मी जहाजातून उतरलो (जहाज म्हणजे बैलगाडी, वर चादर) आणि असं भाषण ठोकलं, असं ठोकलं... "बंधूंनो! आम्हाला तुमची जमीन नको, तुमचं जंगल नको. आम्ही तुमचे मित्र!" टाळ्या. शिट्ट्या. आणि तेवढ्यात मंडपातून दसरूभाऊ उठले. तेव्हा ते तरुण सरपंच, अंगात जोर. सरळ स्टेजवर चढले, माईक हातात घेतला आणि म्हणाले, "आमच्या गावची रीत आहे. चांगला माणूस आला का त्याचा सत्कार होते. गावाच्या वतीनं या अमेरिकेच्या सायबाले शाल देऊन राह्यलो." आणि तपकिरी काठाची नवीकोरी शाल माझ्या झालरींवर घातली! आता आमच्याकडे चालू नाटकात नटाला बक्षीस देतात, ते काही नवं नाही. पण हा सत्कार माझा नव्हता. ॲडमिरलचा होता. मी घाबरून विंगेकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं, सरांचं नाटक उलटं झालं, लोक अमेरिकेच्या बाजूला गेले. सरांचा चेहरा मात्र उजळला होता. ते स्टुलावरून अर्धे उठून कुजबुजले, "घे! घे बे शाल! असंच झालं होतं!"

मी शाल घेतली. पॅरिस झालं, लावणी झाली, तिला दोनदा वन्समोअर. आणि तिसरा अंक. फिलिपिनो पुढारी मला विचारतो, "साहेब, आता परत कधी निघणार?" मी, शाल पांघरलेला, आळोखेपिळोखे देत म्हणतो, "परत? कुठे? हे आमचंच तर आहे." आणि बंदूक त्याच्या छातीला लावतो. मंडप गार. इतका गार की मागच्या पळसावरचे पोपट ऐकू येत होते. मग पहिल्या रांगेतून आवाज आला.

"ए अमेरिका! माह्यी शाल वापस दे!"

दसरूभाऊ उभे होते. मी संवाद पुढे रेटला. ते स्टेजवर आले. "शाल दे म्हणतो नं!" आता सगळा मंडप उभा. बायका ओरडत होत्या, "काढ रे कोट बी त्याचा!" एक म्हातारी चप्पल शोधत होती. मी, अमेरिकेच्या आरमाराचा सर्वोच्च अधिकारी, दोन पावलं मागे सरकलो, झालरीत अडकलेली शाल सोडवली आणि दोन्ही हातांनी परत केली. टाळ्यांचा जो कडकडाट झाला, तसा मला माझ्या आख्ख्या कारकिर्दीत मिळालेला नाही, आणि तोही माझ्यासाठी नव्हता! नाटकाची उरलेली पानं कोणी बोललंच नाही. सर विंगेतून बाहेर आले, स्टेजच्या काठावर पाय सोडून बसले आणि हसता हसता डोळे पुसू लागले. म्हणाले, "मी तिसऱ्या अंकाचा शेवट तीनदा लिहिला. या माणसानं एका ओळीत केला."

त्यानंतर शाल ही त्यांची मोजपट्टी झाली. निवृत्तीच्या समारंभात सत्काराची शाल पुढे आली तर दोन्ही हातांनी थांबवली, "तिसरा अंक होऊ द्या." लोकांना वाटलं, विनय. गावात कोणी नवं येई, मोजमाप करणारे, रस्त्याचं, कामाचं, चांगल्या दिवसांचं बोलणारे, तेव्हा दसरूभाऊ सरांना ग्रामसभेला बोलावत आणि त्यांच्याकडे वळून विचारत, "सर, शाल द्याची का?" सर म्हणत, "चहा द्या. बसाले चटई द्या. शाल थांबवा." त्यात राग नसे. राग त्यांना जमायचाच नाही. मुलीकडे अमेरिकेत सहा महिने राहून आले तेव्हा तिथल्या शेजारणीच्या केकचं कौतुक आम्ही वर्षभर ऐकलं. "माणसं लय चांगली बे," म्हणायचे, "त्या वेळी बी तिथले कितीतरी लोकं म्हणत होते, हे आपण चूक करून राह्यलो." तिथं मुलीच्या ओळखीची एक फिलिपिनो नर्स त्यांना भेटली. आयुष्यात पाहिलेला पहिला फिलिपिनो माणूस! सरांनी तिला आपल्या मोडक्या इंग्रजीत शालीची गोष्ट सांगितली, सगळे आवाज काढून. ती पोट धरून हसली. मग तिनं विचारलं, "शाल खरंच परत मिळाली?" सर म्हणाले, हो. ती म्हणाली, "नशीबवान आहात तुम्ही."

शोकसभा चंद्रपूरला, निवृत्तीनंतर ते राहत त्या घरी झाली. पांढरे कपडे, त्रिशरण, पंचशील, आणि त्यांच्या वेताच्या खुर्चीवर ठेवलेला फोटो. इस्त्रीचा शर्ट. सगळे बोलून झाले तेव्हा दसरूभाऊ उठले. आता काठी लागते त्यांना. पिशवीतून त्यांनी डांबराच्या गोळ्यांचा वास येणारी एक घडी काढली. तपकिरी काठ मी लांबूनच ओळखला. सरांच्या पत्नी, सगळे त्यांना बाईच म्हणतात, हळूच म्हणाल्या, "भाऊ, त्यायले शाल चालत नव्हती." दसरूभाऊ म्हणाले, "माहीत आहे, बाई. म्हणून तर आजवर थांबलो." त्यांनी शाल उलगडली, खुर्चीच्या पाठीवरून फोटोच्या दोन्ही बाजूंनी नीट सोडली आणि म्हणाले, "पूर्ण पाह्यला, सर. तिन्ही अंक पाह्यले. घ्या आता." मग ते वळले, मला गर्दीत शोधलं, आणि काठी माझ्यावर रोखून म्हणाले, "अन् तू हात लावू नको, अमेरिका."

परवा बाईंना भेटायला गेलो होतो. खुर्ची तिथंच आहे, शालही. पंख्याच्या वाऱ्यानं तिचं एक टोक घसरून जमिनीला लागत होतं. मी उठलो, ते सारखं करावं म्हणून हात पुढे केला... आणि मागे घेतला. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "बाई, जरा येता का? शाल घसरली आहे."