नेलिदाची सुकिया

दुपारची जेवणं आटोपली की अर्जेंटिनात, अल्ता कोर्दोबातली अख्खी गल्ली पडदे ओढून आडवी होते. नेलिदा तोसेली मात्र ‘माते’ या तिकडच्या कडवट पाल्याच्या चहाचा पेला भरून घेते, कॉम्प्युटर लावते आणि गाड्या बनवायला बसते. वय सहासष्ट, आणि गाडी चालवायचा साधा परवानाही नाही बाईंकडे!

इंटरनेटवर अशा वेड्यांची एक मंडळीच आहे. कुणीतरी पंच होतो, साल ठरवतो, नियम लावतो. मग ज्याने त्याने मनातल्या मनात एक कारखाना उभारायचा आणि पिस्टनपासून आरशापर्यंत सगळी गाडी पडद्यावर जुळवायची. वर तिच्या जाहिरातीचं पानही करायचं. जिंकेल तो पुढच्या फेरीचा पंच. या खेपेला पंच होता विल्मार, उरुग्वेतल्या पायसांदूत गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान चालवणारा. विषय होता १९८२ सालची दोन दारांची वेगवान गाडी, इंजिन दोन लिटरच्या आत.

तिथे नेलिदाचं नाव ‘टाचणी’. सगळे तिला पुरुषच समजत. “टाचणीभाऊ, कॅमशाफ्ट कुठला लावलात?” असं विचारत. तिने कधी कुणाला दुरुस्त केलं नाही.

“म्हातारपणी वीस जणांचा भाऊ झालीस गं,” बहीण इर्मा आतल्या खोलीतून पडल्या पडल्या म्हणायची.

“झोप तू!”

ही फेरी मात्र नेलिदाच्या जिव्हाळ्याची होती. चोवीस वर्षांची असताना ती शहराबाहेरच्या एका मोटारकारखान्यात नकाशे काढायला होती. साहेबांनी कच्चं द्यायचं, हिने ट्रेसिंग पेपरवर पक्कं करायचं. प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असे, तिच्यात दोन ओळी. ‘रेखाटन’पुढे नेलिदा ‘ने. तो.’ लिहायची. ‘संकल्पना’पुढे इंजिनियर ब्रांदान यांचं नाव. चार वर्षांत हा क्रम एकदाही बदलला नाही.

१९८१च्या मार्चमध्ये एका शुक्रवारी तिने कागदाच्या कडेला स्वतःच्या मनातली एक गाडी काढली होती. बुटकी, दोन दारांची, मागच्या खिडकीखालून शेपटीकडे एक लांब रेघ गेलेली. ब्रांदान मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ उभे होते.

“कंपनीचा कागद खराब करता, सेन्योरिता? द्या इकडे.”

शनिवार-रविवार तो कागद त्यांच्याच टेबलावर राहिला. सोमवारी त्यांनी तो परत दिला आणि, “पुसा ते,” म्हणाले. तिने ब्लेडने खरवडून पुसलं. मे महिन्यात कामगारकपातीच्या पहिल्याच यादीत तिचं नाव होतं, आणि वर्ष संपायच्या आत कारखानाही बंद पडला. ब्रांदान पुढे कधीतरी वारले. पण ती रेघ नेलिदाच्या हातातून काही गेली नाही.

तीच रेघ तिने आता पुन्हा काढली. आधी कागदावर, शाळेपासूनच्या त्याच जुन्या फ्रेंच कर्व्हने, म्हणजे वळणं काढायच्या वाकड्या पट्टीने, आणि मग पडद्यावर तंतोतंत उतरवली. गावातल्या नदीवरून गाडीचं नाव ठेवलं सुकिया. जाहिरातीच्या पानावर सवयीने कोपऱ्यात चौकट आखली, ‘रेखाटन’पुढे ने. तो. लिहिलं. ‘संकल्पना’पुढे हात अडला. चाळीस वर्षांची सवय हो, ती काय अशी सुटते? ती ओळ तिने कोरीच ठेवली आणि पान पाठवून दिलं.

मंडळींना गाडी भलतीच आवडली. “खिडकीखालची रेघ मध्येच जराशी उचललीये ना, तिथे जीव गेला आपला,” एकाने लिहिलं. नेलिदाला इतका आनंद झाला, की तिने इर्माला झोपेतून उठवून ते वाचून दाखवलं.

आणि गुरुवारी बॉम्ब पडला. ‘दोन-कार्बुरेटर’ नावाच्या एका सभासदाने जुन्या मासिकाचं एक पान टाकलं. नोव्हेंबर १९८१, कुठल्याशा प्रदर्शनातला धूसर फोटो, प्लॅस्टरचं पूर्ण आकाराचं मॉडेल. खाली लिहिलेलं, ‘इंजिनियर ब्रांदान यांची नवी संकल्पना’.

“टाचणीभाऊ, चोरी पकडली गेली!” दोन-कार्बुरेटरने लिहिलं होतं. “नियम सात. दुसऱ्याच्या गाडीची नक्कल केली की बाद.”

नेलिदा फोटोकडे बघतच राहिली. तीच बुटकी गाडी, तीच शेपटी. कारखान्याची दारं तिला बंद झाल्यानंतर ते मॉडेल मागच्या शेडमध्ये बनलं होतं आणि तिला गंधवार्ताही नव्हती. तिला रडू आलं आणि मग रडू आल्याचाच राग आला.

विल्मारने लिहिलं, “टाचणीभाऊ, रविवारी निकाल लावायचाय. त्याआधी काय ते सांगा. मला तुम्हाला बाद करायला आवडणार नाही, पण नियम तो नियम.”

इर्मा चष्मा लावून पडद्यापाशी आली. “मेला! आणि त्याच्या बायकोच्या वाढदिवसाला तू केक करून दिला होतास.”

“कोण विश्वास ठेवणार इर्मा? मीच पुसलं ना ते. माझ्या हाताने.”

“बरं, ही रेघ इथे अशी अडखळलीये का पण? फोटोतपण तशीच आहे बघ.”

नेलिदाने वाकून पाहिलं. खिडकीखाली, बरोबर त्याच जागी, रेघेने एक बारीक उडी मारली होती. ती ताडकन उठली.

तिच्या फ्रेंच कर्व्हच्या कडेचा एक टवका शाळेतच उडाला होता. पेन त्या जागी आलं की टुणकन उडायचं. कारखान्यात ती तेवढी जागा टाळून दोनदा रेघ ओढायची. पण त्या शुक्रवारी घाईघाईत कोण टाळतंय? ब्रांदाननी रेघ उचलली ती खोटीसकट, आणि प्लॅस्टरवाल्यांनी ती खोट इमानेइतबारे मॉडेलवर उतरवली. कुणालाही ठाऊक नव्हतं, की ती सुंदर उचल म्हणजे फुटलेल्या पट्टीची करामत आहे!

“पण टवका काल पाडला म्हणतील,” इर्मा म्हणाली.

“म्हणू देत. कपाटावरची ती गुंडाळी काढ.”

तांत्रिक शाळेतला शेवटच्या वर्षाचा कागद निघाला, शिक्का १९७५ सालचा. एका लांब वळणावर तीच उडी, मास्तरांनी तिच्याभोवती तांबडा गोल केलेला आणि शेजारी शेरा, ‘हात हलला. एक गुण वजा.’ नेलिदाला हसू फुटलं. तेव्हा त्या एका गुणासाठी ती दोन दिवस जेवली नव्हती.

तिने तिन्हींचे फोटो टाकले. मास्तरांचा तांबडा गोल, टवका उडालेली पट्टी, आणि मासिकातली गाडी पडद्यावर मोठी करून तिच्यावर तीच पट्टी ठेवून, टवका बरोबर उचलीवर. खाली एवढंच लिहिलं, “मार्च १९८१ला मी तिथे नकाशे काढत होते. ही रेघ माझी. आणि मी भाऊ नाही.”

संध्याकाळी दोन-कार्बुरेटरने लिहिलं, “बाई, मी गाढव आहे. माझ्याकडे त्या मासिकाची मूळ प्रत आहे. पत्ता द्या, तुमच्याकडेच असायला हवं.”

रविवारी निकाल लागला. विल्मारने सुरुवातीलाच लिहिलं होतं, “नियम सात म्हणतो, दुसऱ्याच्या गाडीची नक्कल करायची नाही. सुकिया दुसऱ्याची नाही. विषय संपला.” पण गुण देताना गड्याने दयामाया दाखवली नाही. सुकियाचा चौथा नंबर आला. मागचे ब्रेक फार जोरकस, उतारावर गाडी तोंड फिरवेल.

“उतारावर तोंड फिरवेल? हा पायसांदूत बसून मला ब्रेक शिकवतोय!” नेलिदा तणतणली. मग आकडे पुन्हा तपासले. त्याचं बरोबर होतं.

निकालाखाली विल्मारची आणखी एक ओळ होती. “टाचणीबाई, तुमच्या पानावर कोपऱ्यातली एक जागा कोरी राहिलीय. संग्रहात पान लावायच्या आधी भरून पाठवा.”

तिने पान उघडलं. ‘संकल्पना’पुढे नुसती आद्याक्षरं टाकायला घेतली, पुसली, आणि सावकाश, एक एक अक्षर करत लिहिलं, नेलिदा तोसेली. इर्माने मागून वाचलं आणि मातेत गरम पाणी ओतून पेला तिच्या हाताशी ठेवला.