मोमो नाही म्हणत नव्हती

"रविवारपर्यंत ही जनावरं हलवा," हयाशी-सान म्हणाले. ते त्या वस्तीच्या मंडळाचे प्रमुख. कुरण वस्तीचं, सगळ्यांच्या मालकीचं. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. नागोयाच्या पुढे डोंगरात पायवाटेचं काम चाललं होतं. तिथे गाडी जात नाही, म्हणून आमच्या कंपनीचे लामा लाकूड-दगड वर न्यायचे. पावसानं वाट खचली, तेव्हा थोडे दिवस ते कुरणात ठेवले.

लामा म्हणजे उंटाचा धाकटा भाऊ, मदार नसलेला. मी मूळचा सर्कशीतला घोडेवाला. सर्कस जपानात मोडली, मी आणि माझी बायको शांता तिथेच राहिलो. त्याच वर्षी शांता वारली.

"घाण होते का?" मी विचारलं.

"नाही. सगळे एकाच जागी लेंड्या टाकतात. आमच्या लोकांना कचऱ्यातही एवढी शिस्त नाही. पण ती काळी माझ्या आईला रडवते."

काळी म्हणजे मोमो. तिच्या पायाची गादी फाटली होती. म्हणून आमचे साहेब ओनो-सान यांनी तिला रस्त्याकडेला वेगळं कोंडलं होतं. लामा एकटा पडला की गुणगुणतो. हयाशींची म्हातारी आई रोज नवऱ्याच्या थडग्याकडे जाताना थांबायची आणि मोमोला विचारायची, "ते तिकडे बरे आहेत ना?" मोमो म्हणायची, "उंऽऽउं." जपानीत आखूड 'उं' म्हणजे हो. ओढून म्हटलं तर 'नाही'.

मी ओनो-सानना म्हटलं, "तिला बाकीच्यांत ठेवा. आवाज थांबेल."

"पाय तुडवतील. तिला आराम हवा."

"शांता गेल्यावर मलाही तुम्ही आरामच दिलात, साहेब. खोलीत बसून भिंतीशी बोलत होतो."

ओनो-सान मग म्हणाले, "बघा करून. कुरण सुटलं तर काम गेलं. मग मला सगळे विकावे लागतील."

मी बाकीच्यांच्या कोपऱ्यात बांबू आडवे बांधले आणि मोमोला आत घेतलं. पाय सुरक्षित, नाकाला नाक लागेल एवढं अंतर. संध्याकाळपर्यंत ती गप्प झाली.

सकाळी म्हातारी आली. मी तिला ओबासान म्हणायचो, आपण मावशी म्हणतो तसं.

"ओबासान, ती नाही म्हणत नव्हती. आमच्याकडे कुणी काही सांगायला लागलं की ऐकणारा 'हं' म्हणतो. ते हो पण नाही आणि नाही पण नाही. ऐकतोय, पुढे बोल, एवढंच. माझी बायको भाकरी थापताना तसंच करायची."

"खरं सांगता, इंडो-सान?" इंडो म्हणजे भारत; ती मला तसंच म्हणायची.

"खोटं बोलून मला काय मिळणार? कुरण?"

म्हातारी हसली. मोमो चरत होती. "आता तर काहीच म्हणत नाही," म्हातारी म्हणाली.

"तुम्ही सांगा. मी म्हणतो."

नवरा मुळ्याचं लोणचं चोरून कसा खायचा, ते तिनं सांगितलं. मला निम्मं कळलं नाही. मी हं म्हणत राहिलो.

रविवारी हयाशी-सान मुळ्याचं लोणचं घेऊन आले. हलवा म्हणाले नाहीत. वाट मोकळी झाली तसे लामा कामाला लागले. मोमो रिकाम्या पाठीनं त्यांच्या मागे गेली.

लामा एकटा कोंडू नये. पाय दुखत असला तरी.