जेट्टीच्या नऊ पायऱ्या

सौदीतल्या अबकैकच्या वर्कशॉपमध्ये मी पाइप फिटर होतो. करार संपायला दोन महिने उरले होते आणि तो वाढणार नाही हे फोरमनने सांगून टाकलं होतं. मी वहीत दोन रकाने आखले. एकात घरी परत गेलो तर काय अडेल ते लिहिलं: स्लॅब, बहिणीचं लग्न, धाकट्याचं आयटीआय. दुसऱ्यात इथे राहायचं तर कोणता मार्ग आहे ते. त्या रकान्यात एकच ओळ होती: क्लबची बोट.

कंपनीचा समुद्रकाठी एक क्लब होता. शुक्रवारी आमची बस तिकडे जायची. बाकीचे पोहायचे, मी रिकाम्या डब्याला दोर गुंडाळून जेट्टीवर गरवायला बसायचो. तिथे आमच्या वर्कशॉपचा अमेरिकन साहेब मला भेटला. त्याच्या गावी बास नावाचा मासा पकडण्याच्या स्पर्धा होतात, काही माणसांचं पोट त्यावरच चालतं, असं त्याने सांगितलं आणि पाकिटातून फोटो काढून दाखवला. मोठं तोंड, पुढे आलेला खालचा जबडा. आमच्या कोकणच्या खाडीतल्या जिताड्याचा चुलतभाऊच. मी तसं म्हटल्यावर साहेब खूश झाला. क्लबचा बोटवाला सोडून जाणार होता. क्लबच्या स्पर्धेत साहेबाची बोट पहिल्या तिनांत आली तर ती जागा मला, असं ठरलं.

खोलीत मी हे चाचांना सांगितलं. चाचा रत्नागिरीचे, वेल्डर, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. त्यांचे वडील मचव्यावर तांडेल होते.

"मासा पकडून त्याचं काय करतात?"

"वजन करतात आणि परत सोडतात."

"सोडतात?" चाचा उठून बसले. "मग पकडतात कशाला? त्याची तब्येत विचारायला?"

"पगार मिळतो, चाचा."

"अल्लाने अमेरिकेला पैसा दिला तो असा. जा भाऊ, तू पण विचार तब्येत."

स्पर्धेच्या दोन आठवडे आधी साहेबाने मला एक फेरी मारायला सांगितलं. सोबत त्याचे दोन पाहुणे. भरतीच्या पाण्यावर उथळ खाडीत शिरायचं असं मी ठरवलं. भरतीची वेळ काढणं आमच्याकडे शाळकरी पोरालाही येतं: तिथीची पाऊणपट करायची. शिवाय इथलं कॅलेंडरच चंद्राचं. हिजरी तारखेत एक मिळवला की तिथी. त्या दिवशी तारीख अकरा, म्हणजे द्वादशी, म्हणजे भरती नऊला. देशानेच माझं अर्धं काम करून ठेवलंय असं मला वाटलं.

नऊ वाजता आम्ही खाडीत होतो. साडेनऊला बोटीचा तळ वाळूला लागला. पाणी चढत नव्हतं, उतरत होतं. त्यानंतर तीन तास आम्ही उन्हात, कोरड्या वाळूवरच्या बोटीत बसून होतो. एका पाहुण्याने विचारलं, "इथून चालत किनारा गाठता येईल?" येत होता, आणि तो गेलाही.  परत आल्यावर साहेब एवढंच म्हणाला, "स्पर्धेच्या दिवशी असं झालं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

चूक कुठे झाली ते मला परतीच्या बसमध्येच कळलं. पाऊणपटीचा नियम आमच्या किनाऱ्याचा. चंद्र तोच असला तरी पाणी वेगळ्या वाटेने येतं. इथली वेळ इथेच मोजायला हवी होती. पण अबकैकपासून समुद्र लांब, आणि सुट्टी एकच दिवस. क्लबवर आठवडाभर राहणारा माणूस एकच होता, येमेनी वॉचमन, आणि त्याच्याकडे घड्याळ नव्हतं.

"घड्याळ कशाला हवं?" चाचा म्हणाले. "तो नमाज चुकवतो काय? दिवसातून पाच वेळा बरोबर वेळेला जेट्टीवर हातपाय धुवायला येणार. त्याला पायऱ्या मोजायला सांग."

जेट्टीला नऊ पायऱ्या होत्या. पुढच्याच दिवशी क्लबला सामान घेऊन जाणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरबरोबर चाचांनी अरबी चिठ्ठी पाठवली: प्रत्येक नमाजाला पाण्याबाहेर किती पायऱ्या दिसतात ते लिहून ठेव. मधल्या शुक्रवारी मी गेलो तेव्हा वॉचमनने सिगारेटच्या खोक्याचा पुठ्ठा पुढे केला. अरबी आकडे मला गाड्यांच्या नंबरप्लेटवरून येत होते. रोज पाच आकडे, एकही जागा रिकामी नाही. वर्कशॉपच्या फोरमनने इतक्या शिस्तीत लॉगबुक भरलेलं मी पाहिलं नव्हतं.

नमाजांच्या वेळा छापील होत्याच. त्या आकड्यांशी जुळवल्यावर दिसलं की नियम बरोबर आहे, फक्त भरती आमच्या हिशेबापेक्षा चार-पाच तास आधी येते. म्हणजे स्पर्धेच्या दिवशी सकाळभर ओहोटी. खाडीत शिरणं बाद.

स्पर्धेच्या सकाळी सगळ्या बोटी लांबच्या खडकांकडे निघाल्या. मी बोट खाडीच्या तोंडाशी, उथळ भागातलं पाणी ज्या चरातून बाहेर येतं तिथे नांगरली.

"इथे?" साहेब म्हणाला. "किनारा दिसतोय."

"उतरत्या पाण्याबरोबर लहान मासळी बाहेर येते. मोठा तोंड उघडून बसलेला असतो. आमचा जिताडा तेच करतो."

दोन तास काही नाही. साहेबाने घड्याळाकडे पाहायचं सोडलं, हे मला जास्त वाईट लक्षण वाटलं. मग त्याची काठी वाकली. वर आला तो हामूर होता, इकडचा खाण्यातला मानाचा मासा, दोन हातांत मावेना. स्पर्धेत आम्ही दुसरे आलो.

एक गोष्ट मी मनाशी ठरवून ठेवली होती. क्लबची जागा मिळाली तरी कफीलची, म्हणजे ज्याच्या नावावर माझा व्हिसा होता त्या सौदी मालकाची, सही लागणार होती, आणि आमच्याकडे मामलेदाराकडे काम असलं की जिताडा घेऊन जातात. हा हामूर मी कफीलच्या घरी नेणार होतो. साहेबाने वजन करून घेतलं, मासा पाण्यात हलवून हलवून शुद्धीवर आणला आणि सोडून दिला. 

शनिवारी कफीलच्या ऑफिसात रिकाम्या हाताने गेलो. त्याने क्लबच्या जागेचा कागद वाचला आणि मोडक्या हिंदीत विचारलं, "तुम फिटर. मच्छी क्यों?"

मी स्पर्धेचं आणि हामूरचं सांगितलं.

"कितना बडा?"

मी दोन्ही हात पसरले.

"वल्लाह! किधर है?"

"साहबने छोड दिया."

तो बराच वेळ हसला. मग पेन काढलं, पण सही करायच्या आधी थांबला. "जुमे को मैं आएगा. दो बेटा भी. छोडने का नहीं." आणि सही केली.

नव्या वहीचं पहिलं पान अजून माझ्याकडे आहे. शुक्रवार. कफील आणि दोन मुलगे. दोर चार, जिवंत कोळंबी, पाणी, बर्फाची पेटी मोठी. निघायची वेळ भरतीवरून. त्याखाली फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजाच्या वेळेला दिसणाऱ्या पायऱ्या: आठ.